आत्यांचा चौथा हिस्सा

आयुष्यात फॉर्म पुष्कळ भरले, पण त्या फॉर्मने जो छळ मांडला तो दुसऱ्या कुणी मांडला नाही. बावीस पानं, सगळी इंग्रजीत, आणि मागच्या पानावर विचारलेलंच पुढच्या पानावर वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलेलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. देवळाली प्रवराला आमची छोटी संस्था होती. छोटी म्हणजे किती, तर एक लोखंडी कपाट, एक टाइपरायटर, अध्यक्ष म्हणून निवृत्त मुख्याध्यापक आणि घरचा ऊस असलेले गुरुजी आणि सचिव म्हणून मी. बाकीचे सदस्य पंधरा ऑगस्टला पेढा खायला भेटत.

आणि एक पाळणाघर होतं. खरं म्हणजे तेवढंच होतं. बौद्धवस्तीतल्या समाजमंदिरात, उसाच्या खुरपणीला जाणाऱ्या बायांची वीस-बावीस पोरं सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. ती सांभाळायच्या वस्तीतल्याच एक विधवा बाई. सगळी वस्ती त्यांना आत्या म्हणायची, म्हणून आम्हीही. दोन वर्षं आम्ही त्यांना पगार दिला नव्हता. मदत आली की देऊ, असं म्हणत होतो आणि दिवाळीला एक लुगडं दिलं होतं ते चारचौघांत सांगत होतो. माझा नवरा मला म्हणायचा, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. मी भाजत नव्हतेच, भाजत होत्या आत्या.

त्या संक्रांतीला त्यांनी सरळ सांगितलं.

"ताई, आता न्हाई जमत. भिंगारला माझी बहीन हाय. तिकडं मिल्ट्रीच्या क्वार्टरमधी धुन्याभांड्याचं काम मिळतंय. उन्हाळ्यापत्तूर वाट बघते. पगाराचं झालं तर ऱ्हाते, न्हाईतर जाते."

म्हणून तो फॉर्म. पुण्याचा एक न्यास तीन वर्षांसाठी मदत देणार होता. आत्यांचा पगार मिळवायचा, एवढंच त्या बावीस पानांचं काम होतं.

पण गुरुजींना ते काम फार लहान वाटलं. 'ध्येय' आणि 'उद्दिष्ट' यांत फरक काय, यावर त्यांनी माझ्या दोन दुपारी घालवल्या. मी म्हणायची, "गुरुजी, पोरं सांभाळायची आहेत." ते म्हणायचे, "हो, पण हे ध्येय धरायचं की उद्दिष्ट?" तीन वर्षांनी मोजता येईल असा कोणता बदल दिसेल, असा एक प्रश्न होता. दुपारी रडणारी पोरं कमी होतील, असं मी लिहिलं. गुरुजींनी ते खोडून 'बालकांचा सर्वांगीण विकास' असं घातलं. सर्वांगीण विकास कोणत्या फूटपट्टीने मोजणार, असं विचारलं तर म्हणाले, ते न्यास बघेल. चार कार्बन लावून मी पान टाइप करायची आणि त्यांना शेवटच्या ओळीत एखादा जड शब्द सुचायचा. तो टाइपरायटर उचलून विहिरीत टाकावा असं मला रोज वाटायचं.

सोळाव्या पानावर घोडं अडलं. एकूण खर्चाचा चौथा हिस्सा गावाने उचलला पाहिजे, रोख नाहीतर वस्तू किंवा श्रम. त्याला नाव होतं 'स्थानिक सहभाग'. आम्ही वस्तीत बैठक घेतली. कोण काय देणार, असं विचारलं की सगळे एका सुरात म्हणत, "व्हय, देऊ की." आमच्याकडे बैठकीत नाही म्हणायची पद्धत नाही. समाजमंदिराचं वाचलेलं भाडं आम्ही लिहिलं. शेंगदाणे-गूळ लिहिला. एका बागायतदाराने रोज दोन लिटर दूध कबूल केलं होतं आणि एक थेंब पाठवला नव्हता, तेही लिहिलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. तरी चौथा हिस्सा भरेना.

तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"आत्याबाईंचं काम धरा की."

"त्यांचा पगार तर आपण मागतोय."

"पगार मागितला की हे लोक म्हणतात, सगळा पैसा माणसांवरच जाणार. तेच श्रम सहभागात दाखवले की म्हणतात, वा! बाईंना आपण 'किरकोळ खर्चा'तून देऊ. कागद वेगळा, व्यवहार वेगळा."

सगळी नोकरी त्यांनी याच तत्त्वावर केली होती आणि त्यांच्या शाळेला कधी कुणी नाव ठेवलं नाही. कागद हा विचारणाऱ्यासाठी असतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. महिनाभर मी प्रत्येक पानावर चिडले होते. जिथे खरोखर चिडायला हवं होतं तिथे मला हायसं वाटलं. आत्यांचा पूर्ण दिवस धरला तर आकडा चौथ्या हिश्श्याच्या फार वर जात होता आणि गावाने इतकं कुठून दिलं अशी शंका आली असती. अर्धा दिवस धरला तर बरोबर बसत होता. मी टाइप केलं, 'अर्धवेळ कार्यकर्ती, विनामोबदला'.

एप्रिलमध्ये न्यासाचे साहेब जीपने पाहणीला आले. माणूस चांगला होता, हेच तर दुखणं. खुर्ची नको म्हणाले, बुद्धवंदनेच्या चटईवर बसले. आत्यांच्या मांडीवर वस्तीतली सगळ्यांत हट्टी पोर होती, तिला आम्ही बारकी म्हणायचो. ती दुसऱ्या कुणाकडे झोपायचीच नाही. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही हे सगळं मनापासून, काही न घेता करता?"

आम्हीच आत्यांना बजावून ठेवलं होतं की साहेब खूश झाले पाहिजेत. शिवाय दारी आलेल्या पाहुण्यापुढे आपल्या तोंडाने पैशाचं काढायचं नसतं. आत्या म्हणाल्या, "आपलीच लेकरं हायेत साहेब. त्याचं काय मोल करायचं?"

साहेबांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी मध्ये बोलू शकले असते. मी त्यांच्या कपात चहा ओतला.

मे महिन्यात पत्र आलं. मंजूर. पाळणे, वजनकाटा, खेळणी, फळा, प्रशिक्षण, सगळं मंजूर. 'किरकोळ' तेवढं अख्खं कापलं होतं. आत्यांवर वेगळा परिच्छेद होता. त्यांची निःस्वार्थ सेवा हा कार्यक्रमाचा कणा आहे, आणि ज्यांचे श्रम सहभाग म्हणून दाखवले आहेत त्यांना कोणताही मोबदला देता येणार नाही.

आत्या बारकीला कडेवर घेऊनच ऑफिसात आल्या.

"मंजूर झालं म्हनं. माझं नाव हाय का त्यात?"

"आहे."

"वाचा की."

मी वाचलं. गुरुजी कपाटाकडे बघत बसले. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् पगार?"

काय झालं ते मी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे दोन वर्सं मी दिलं. आता आनखी तीन वर्सं मीच द्यायचं. मंग साहेब काय देनार?"

"पाळणे," मी म्हणाले. मला माझीच शरम वाटली.

आठवड्यात त्या भिंगारला गेल्या. बाईंनी थोडी कळ काढायला हवी होती, असं गुरुजी म्हणाले आणि मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "तुमच्या उसाची खुरपणी आत्यांच्या जिवावर चालते गुरुजी! काढा तुम्हीच कळ!" मीही शहाणी नव्हते, टाइप तर मीच केलं होतं.

टेम्पोतून पाळणे आले. सांभाळायला कुणी नाही म्हणून मी स्वतः बसले. एक कडेवर, एक पायाला धरून, तिसऱ्याला जुलाब. बारकी दिवसभर दाराकडे बघून रडायची. संध्याकाळी पाचला माझा हात खांद्यापासून वर जायचा नाही आणि डोळ्यांपुढे तो 'अर्धवेळ' यायचा. अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी वस्तीतल्या एका आजीला बसवून मी भिंगारची एसटी धरली.

आत्या एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. मी काय देणार होते त्यांना, मलाच ठाऊक नव्हतं. चला परत, आपण काहीतरी करू, असं म्हणाले.

"हितं एक तारखेला हातात पडत्यात, ताई," एवढंच त्या बोलल्या. मग हात धुतले, बहिणीकडे नेऊन मला चहा पाजला. बारकीचं विचारलं. झोपत नाही, म्हणाले.

"पालथी घाला मांडीवर. पाठीवर न्हाई थोपटायचं, कंबरंवर थोपटायचं, हळूहळू. गानं म्हनू नका, तिला आवडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तसं केलं आणि बारकी झोपली. तेवढंही मी आत्यांकडून फुकटच घेऊन आले होते.