पडद्याआडचा फायकस

बायको गेल्यावर टेलर मास्तरांच्या दुकानात तिची म्हणावी अशी एकच जिवंत गोष्ट उरली होती, ती म्हणजे वीतभर उंचीचं फायकसचं बोन्साय. कापड बेतायचं मास्तरांनी, काज-बटणं करायची तिने, असा दोघांचा संसार. ती खिडकीपाशी बसायची आणि झाड तिच्या कोपराशी असायचं. ती गेली त्याच आठवड्यात मास्तरांनी खिडकीचा पडदा जो ओढला तो ओढलाच. रिकामी खुर्ची बघवत नव्हती, दुसरं काय?

थंडी पडली तशी झाडाला गारठा बाधू नये म्हणून त्यांनी कुंडी आत, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या फळीवर नेली. तिथे ऊब होती. पण थोड्याच दिवसांत पानं गळू लागली, तीही चांगली हिरवीगार. तहानलं असेल म्हणून त्यांनी पाणी घातलं. आणखी गळली, तर आणखी घातलं. दोनदा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा हा माणूस, पण झाडाच्या बाबतीत सगळा अंदाजपंचे कारभार.

त्यात डोळ्यांनी दगा दिला. काजं आता त्यांनाच करावी लागत होती आणि सुईत दोरा काही केल्या जाईना. म्हातारपण आलं, असं स्वतःला सांगून त्यांनी नव्या चष्म्याची चौकशीही करून ठेवली.

शेवटी न राहवून त्यांनी मेहुणीला फोन केला. बायकोची ही धाकटी बहीण रोपवाटिकेत कामाला होती. ती हातातलं काम टाकून आली.

"भाऊजी, जेवताय ना नीट? झाडाआधी तुम्हीच वाळलाय."

"माझं राहू दे गं. हे गेलं तर तिचं काहीच उरणार नाही माझ्याकडे."

तिने कुंडी पुढ्यात ओढली. पानं उलटून बघितली, कीड नव्हती. मातीत बोट खुपसलं, तर ते चिखलाने माखून बाहेर आलं.

"तहान कसली, बुडतंय बिचारं. माती वरून सुकेपर्यंत पाण्याचं नाव काढू नका. आणि ही इस्त्रीची धग कशाला त्याला?" असं म्हणत तिने नखाने फांदीची साल जराशी खरवडली. मास्तरांनी तोंड फिरवलं.

"बघा इकडे."

"नको."

"अहो, बघा तर."

त्यांनी कुंडी नाकाशी धरली. "काही दिसत नाही मला. डोळे गेलेत माझे."

मेहुणीने कुंडी त्यांच्या हातातून घेतली, सरळ खिडकीपाशी गेली आणि पडदा बाजूला सारला. हिवाळ्याचं तिरपं ऊन खुर्चीवर, धूळ बसलेल्या टेबलावर आणि झाडावर पसरलं. सालीखाली हिरवा ओलावा होता.

"जिवंत आहे. जागा बदलली की हे असंच रुसतं, त्यात तुम्ही त्याला अंधारात नेलंत. इथेच राहू द्या. फक्त खिडकीच्या फटीतून वारं येतंय तेवढं बंद करा."

ती गेल्यावर मास्तरांनी फटींत कापडाच्या चिंध्या घट्ट बसवल्या. मग बराच वेळ ते खुर्चीकडे बघत उभे राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीने पुसले. संध्याकाळी एक शर्ट द्यायचा होता. तो घेऊन ते पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसले.

दोरा पहिल्या झटक्यात सुईत गेला.

मास्तर सुईकडे बघत राहिले, मग उरल्यासुरल्या पानांच्या त्या झाडाकडे. चष्म्याचं नंतर बघू, असं त्यांनी ठरवलं आणि काज घालायला घेतलं. ते जरा वाकडंच झालं.

"हसू नकोस," ते हळूच म्हणाले आणि टाके उसवून पुन्हा घालू लागले.