म्हाताऱ्याच्या पोटातली मापं

माझी वहिनी वाकड्या पायांचे बूट शिवते. मध्यंतरी "शिवायची" असं म्हणायची वेळ आली होती.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. दादा गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेऊन कॉम्प्युटरवर चित्र काढायचा आणि वहिनी रापीने चामडं कापून शिवायची. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच आत वळलेली. दोघांचं भांडणही ठरलेलं. दादा पंजाला जागा जास्त सोडायचा.

"बोटांना जरा पसरू दे गं," तो म्हणायचा.

"पसरू दे? अरे, पाय आत लोळतोय लोळतोय!"

मग ती चित्र बाजूला सारून आपल्या मनाने एक सूत आत कापायची, आणि तो "कापलंस ना? कापलंसच शेवटी!" म्हणून डोक्याला हात लावायचा. हे रोज चालायचं. रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही ते पाठ झालं होतं.

दादा जेवता जेवता गेला. वहिनी रडली नाही. आलेले लोक म्हणाले, काय खंबीर बाई आहे! खंबीर कसली डोंबलाची. ती तिथे नव्हतीच. विचारलं तर "हं" म्हणायची, चहा दिला तर त्यावर साय धरेपर्यंत कप हातात घेऊन बसायची. मी तिची नणंद, तोंडाने फटकळ, पण मला तिच्यावर ओरडताही येईना. खरं सांगायचं तर माझंही आतून तसंच झालं होतं. सख्खा भाऊ गेला आणि मी दुसऱ्या आठवड्यात कामावर जाऊन बसले. डोळे कोरडे ते कोरडेच.

त्यातच दादाचा कॉम्प्युटरही गेला. त्याला दादा 'म्हातारा' म्हणायचा. चित्रं काढायचा प्रोग्रॅम फक्त त्याच्यावरच चालायचा. तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि नव्या मशीनवर तो चढतच नव्हता. एक दिवस म्हाताऱ्याने बटण दाबल्यावर हूं की चूं केलं नाही. वहिनी म्हणाली, "बरं."

मग शिलाईच्या मशीनला गिऱ्हाईक आलं. वहिनीने त्यालाही "घेऊन जा" सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन येणार होता.

त्याच संध्याकाळी पोस्टमनकाका आले. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी सगळे त्यांना पोस्टमनकाकाच म्हणतात. उजवा पाय आखूड. दादाच्या बुटांवर त्यांनी जन्मभर टपाल वाटलं. आता पायात सपाता होत्या आणि उजवीच्या खाली टायरचा तुकडा बांधलेला.

"बूट फाटले गं. माझं माप आहे ना तुमच्याकडे?"

वहिनीने बंद म्हाताऱ्याकडे हात केला. "त्यात होतं."

"बरं," म्हणाले, आणि भिंतीला धरत धरत निघून गेले. वहिनी त्यांच्याकडे बघत होती, पण रस्त्यावरची गाडी बघावी तशी. माप नव्याने घेता येतं हो. पण कुठे दाबलं की दुखतं, कुठे किती उंची द्यायची, हे दादाने त्या चित्रात वर्षानुवर्षं भरलेलं होतं. ते कुठून आणणार? आणि शिलाईचं मशीन एकदा गेलं की वहिनी परत रापी धरणार नाही, हे मला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं.

मी म्हाताऱ्याची डिस्क काढली. ती शाबूत होती. मी जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानात काम करते, आलेलं मशीन तपासणं हाच माझा धंदा. त्यामुळे उपाय मला ठाऊक होता. नव्या मशीनच्या आत म्हाताऱ्याचा एक तोतया उभा करायचा. प्रोग्रॅमला वाटलं पाहिजे, आपण आपल्या जुन्याच घरात आहोत. पण त्यासाठी प्रोसेसरमध्ये तशी सोय असावी लागते. तिला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. ते दोनदा तपासायचं असतं. आधी प्रोसेसरचा नंबर बघायचा, म्हणजे बनवणाऱ्याने सोय दिलीय की नाही ते कळतं. दिली असेल तर मग ती चालू आहे का, ते बघायचं.

घरात दादाचा एक लॅपटॉप पडून होता, त्याचा नंबर बघितला. सोयच नाही. मग डोकं आपटलं तरी उपयोग नसतो. सकाळी मालकाच्या हातापाया पडून दुकानातलं एक मशीन आणलं. त्याचा नंबर म्हणत होता, आहे. वहिनी तिच्या स्टुलावर बसली होती. मी मशीन लावलं, त्याला म्हाताऱ्याची डिस्क जोडली. पडद्यावर आलं, व्हर्च्युअलायझेशन बंद.

"नाही?" वहिनी म्हणाली.

"आहे गं. कुणीतरी बंद ठेवलंय."

मशीन परत सुरू करताना ठरावीक की दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरले, ओळ शोधली, चालू केलं, जतन केलं. मशीन पुन्हा उठलं. बंद. पुन्हा आत शिरले. सेटिंग चालू दाखवतंय आणि बाहेर आलं की बंद! मी मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "तो टेम्पोवाला येईलच आता."

त्या आवाजात ना राग होता, ना दुःख. मला त्या "राहू दे"ची भीती वाटली. इतक्या महिन्यांत मला काहीतरी वाटलं ते हेच.

आणि मग डोक्यात उजेड पडला. काही मशीनना नुसतं परत सुरू करून चालत नाही, पूर्ण बंद करून वायर काढावी लागते. दुकानात मी हे दहा जणांना ओरडून सांगते, आणि स्वतःच्या घरात विसरले! मी खसकन वायर उपटली.

"आता?"

"आता थोडं थांबायचं."

तेवढ्यात टेम्पोवाला दारात. "उचलू का मशीन?"

"उचला," वहिनी म्हणाली.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. "दोन मिनिटं उभं राहिलात तर पाय झिजणार आहेत का?"

तो बिचारा उभा राहिला. मी वायर लावली. बटण. चालू! नव्या पडद्याच्या आत म्हातारा उठला, नेहमीसारखा रखडत, आणि प्रोग्रॅम उघडल्यावर दादाचं शेवटचं काम समोर आलं. पोस्टमनकाकांचा उजवा पाय.

वहिनी उठून जवळ आली. मग पंजावर बोट ठेवलं.

"हे बघ. बघ किती सोडलंय!"

"वहिनी..."

"किती वेळा सांगितलं याला! पाय आत लोळेल त्यांचा, पडतील ते! ऐकेल तर शपथ! माझं म्हणून कधी ऐकलं नाही या माणसाने!" ती पडद्यावर ओरडत होती. टेम्पोवाला एक पायरी खाली उतरला. मग तिचा आवाजच फुटला. "आता कुणाशी भांडू मी? सांग ना! कुणाशी भांडू?"

ती हमसून हमसून रडली. मीही रडले, भिंतीकडे तोंड करून, कारण टेम्पोवाला बघत होता.

"मी उद्या येऊ का?" त्याने हळूच विचारलं.

"येऊच नका," वहिनी नाक पुसत म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "माझं तोंड काय बघतेस? छाप ते चित्र."

मी छापून दिलं. तिने कागद चामड्यावर पसरला, रापी घेतली, टेकवली आणि थांबली. दादा बोलायचा तेवढा वेळ थांबली.

"बोटांना जरा पसरू दे," ती स्वतःच पुटपुटली.

एरवी एक सूत आत कापायची. त्या दिवशी अर्धंच सूत आत गेली.