एकाच दगडावरची सुई

मला पुन्हा पोटापाण्याला लावलं ते सोलापूरच्या चादर कारखान्यातल्या अण्णांनी. चादरीवर नक्षी उमटावी म्हणून ते मागाला लावायच्या जाड पुठ्ठ्यांना भोकं पाडत; कुठला धागा उचलायचा ते ती भोकं ठरवत.

मी सातवीत शाळा सोडलेला, गोंदियाकडचा ड्रायव्हर. मधुमेह कळताच ट्रकमालकानं गाडी काढून घेतली, म्हणून इथं यंत्रमागावर लागताना मी आजारही लपवला आणि रोजची इन्सुलिनची सुईही.

एका दुपारी माझे हात थरथरायला लागले. अण्णांनी माझ्या तोंडात गूळ कोंबला. मग स्वतःची इंजेक्शनची सुई काढली, भोकं पाडायच्या टोच्याला धार लावतात त्याच दगडावर हलकेच घासली, उकळून घेतली आणि तोंडानं नक्षीच्या ओळी मोजत स्वतःच्या मांडीत टोचली. या माणसालाही माझाच आजार होता.

‘मालकाला सांग. मागावर चक्कर आली तर हात जाईल,’ ते म्हणाले. ‘गाडी सोडली, रातपाळी सोडली, तरी लई कामं उरत्यात की.’

‘हाकलतील, अण्णा.’

तेच मला कारखान्याच्या मालकापुढं घेऊन गेले. ‘ह्याला माझाच आजार हाय. माझ्या शेजारी बसवा. रोज सुई टोचणाऱ्याचा हात चुकत न्हाय.’

मालक हसले, आणि मी अण्णांच्या टेबलाशी बसलो. कधीतरी एकही भोक न चुकलेल्या माझ्या पुठ्ठ्यांवर विणलेली चादर मी अण्णांच्या अंगावर घालीन.