वेणूचं उत्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — पण मध्येच ‘जाऊ द्या हो गुरुजी’ म्हणू नका. त्या ‘जाऊ द्या’चाच मला संताप येतो.

एरंडोलजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. इंग्रजांचं राज्य होतं. वेणू ही माझ्या वर्गातली एकुलती एक मुलगी. तिच्या बापाच्या, सुपडूभाऊच्या, मीच हातापाया पडून तिला शाळेत आणलं होतं. अपूर्ण भूतकाळ पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा म्हटलं, आधी घरी बोलता तसं अहिराणीत सांगा, मग पुस्तकी मराठीत. छान जमलं! मी स्वतःवर खूश. आणि का नसावं? माझ्याही घरची बोली तीच.

मग शाळांच्या तपासणीवर हिंडणारे सरकारी दिपोटीसाहेब आले. माझं नोकरीत कायम होणं त्यांच्या हातात. त्यांनी वेणूला उभं केलं — काल आई काय करत होती?

“माय कापूस येची राह्यनी व्हती,” वेणू म्हणाली. ‘आई कापूस वेचत होती’ हे पुढचं मराठी वाक्य तिच्या ओठांवर होतं, पण साहेब आधीच हसले. हे कोणी शिकवलं, म्हणाले.

वेणूनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी काय केलं? घरचं वळण, साहेब, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही, असं म्हणून तिच्या हातावर छडी ओढली. जोरात. साहेबांना दिसावं म्हणून जोरात! ती रडली नाही. माझं नावही घेतलं नाही. कसला मास्तर मी? थू!

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. दुसऱ्या दिवशी सुपडूभाऊ आला.

“गुरुजी, पोर म्हनस, तुम्हीच असं शिकाडं. खोटं बोली राह्यनी का ती?”

साहेब गेले होते. वर्गात आम्ही दोघंच. खरं बोलायला कुणाचं भय होतं?

“हो,” मी म्हणालो, “खोटं बोलते आहे.”

त्या माणसानं पोरीच्या वतीनं माझ्यापुढे हात जोडले. खोटारडी पोर शाळेत कशाला, म्हणून तिला घरी बसवलं. मी कायम झालो.

पुढे वेणू कापूस वेचायला जायची. वाटेत मी दिसलो की बांधावरून वळायची. आणि मला हायसं वाटायचं — हायसं!