घाट उतरताना मिळालेलं ॲव्हरेज

आयुष्यात मी सगळ्यांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर मामांचा. ते माझे सख्खे मामा नव्हेत. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे आणि आई त्यांना राखी बांधते, एवढंच नातं. ते ट्रक चालवायचे. मी संभाजीनगरला बी.एस्सी. करत होतो तेव्हा तीन वर्षं माझा डबा त्यांच्या ट्रकमधून यायचा. आठवड्यातून दोनदा ते वाळूजच्या नाक्यावर गाडी बाजूला घ्यायचे आणि मी हॉस्टेलवरून सिटी बसने तिथं जाऊन कॅबिनच्या खिडकीतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घ्यायचो. भाकरीला डिझेलचा वास लागलेला असायचा. पहिले काही दिवस तो नकोसा वाटला, नंतर त्या वासानेच भूक लागू लागली.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "असं नाय. लिहून दे. गाडी भरंस्तोवर वाचत बसंन." त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, वाचणं सावकाश. मी चार ओळी लिहून दिल्या. तो कागद ते गाडीत डोळ्यांपुढच्या उन्हाच्या झडपेत खोचून ठेवायचे.

नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. ते ज्या शेठच्या गाडीवर होते त्याच शेठच्या वाळूजमधल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसू लागलो. गाड्या किती चालल्या, डिझेल किती प्यायल्या, हे बघायचं माझं काम.

गेल्या उन्हाळ्यात शेठनी मला आत बोलावलं. टेबलावर दोन कंपन्यांच्या एजंटांनी ठेवलेले दोन डबे होते. एक इंजेक्टर साफ करणारं रसायन, दुसरं डिझेल नीट पेटावं म्हणून. दोघांचंही म्हणणं एकच, डिझेलमध्ये थोडंसं टाका, ॲव्हरेज वाढेल.

"तू केमिस्ट्रीवाला ना?" शेठ म्हणाले. "कोणतं खरं, कोणतं थापा, मला लिहून दे. एजंटाच्या तोंडावर फेकता आलं पाहिजे."

मला आनंद झाला. शिकलेलं पहिल्यांदाच उपयोगी पडणार होतं. जळगाव लाइनवर जाणाऱ्या, एकाच वयाच्या तीन गाड्या मी निवडल्या. रस्ता तोच, माल साधारण तेवढाच. आधी चार फेऱ्या नुसत्या डिझेलवर, मग चार औषध टाकून. दर वेळी त्याच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची. सारख्या दिसणाऱ्या तीन प्रकारच्या बाटल्या भरल्या. लाल बुचाच्या बाटल्यांत पहिलं रसायन, हिरव्या बुचाच्या बाटल्यांत दुसरं. पिवळ्या बुचाच्या बाटल्यांत मी साधं डिझेल भरलं. कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्हाला हेच शिकवलं होतं, की एका परीक्षानळीत काहीही टाकायचं नाही, म्हणजे बाकीच्यांत झालेला बदल खरा की नुसता भास ते कळतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्रयोगाला अर्थ उरला नसता.

पिवळी बाटली मी मामांना दिली. त्याचं कारण माझ्या मनात अगदी स्वच्छ होतं. त्यांच्या गाडीत भलतंसलतं काही जायला नको होतं.

बाटल्या वाटल्या त्या सकाळी यार्डात हसणं चाललं होतं. लाल बाटलीवाला ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, ही दवा गाडीला पाजायची का आमाला?"

"तू पेलास तर गाडी ढकलत न्यावी लागंल," मामा म्हणाले. मग बाटली उन्हात धरून मला विचारलं, "काय भाचे सायेब, आपली बाटली पास व्हनार का?"

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, माझी सगळी भिस्त तुमच्यावर आहे."

मी ते सहज बोललो होतो. गाडी नीट चालवा, नोंदी नीट ठेवा, एवढाच अर्थ. पण त्या वाक्यावर मामांचं हसू थांबलं. त्यांनी बाटली छातीच्या खिशात ठेवली आणि गाडीत चढले.

लाल आणि हिरव्या बाटलीच्या गाड्यांत फरक जवळजवळ पडलाच नाही. पिवळ्या बाटलीच्या गाडीचं ॲव्हरेज लिटरमागे अर्ध्या किलोमीटरहून जास्त वाढलं होतं. ट्रकच्या हिशेबात ही फार मोठी गोष्ट. मी पंपाच्या पावत्या पुन्हा बघितल्या, किलोमीटर पुन्हा बघितले. आकडा तोच. बाहेर शेठचा मुनीम तो आकडा खडूने बोर्डावर लिहीत होता, मामांच्या गाडीच्या नंबरापुढे. ड्रायव्हर शिट्ट्या वाजवत होते. मला मात्र कॉम्प्युटरसमोरून उठवेना. त्या बाटलीत काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी मी आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींकडे गेलो. मामांच्या गाडीची मागची चाकं उतरवलेली होती. ब्रेकचे लायनर झिजून पातळ झाले होते आणि लोखंडी ड्रमवर निळसर डाग उमटले होते, तव्यावर उमटतात तसे.

"क्या सायेब," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "दवा डीझल में डाले क्या ब्रेक में?"

"म्हणजे?"

"नवे लायनर थे. महिना भी नै हुआ." त्यांनी ड्रमवर नख ओढलं. "मामा को बोलो, सबर से उतरो. मय इतना ही बोलूंगा."

पुढच्या फेरीला मी मामांसोबत निघालो. कारण सांगितलं, की औषध कसं टाकतात ते बघायचंय. मामा खूश झाले. मामींनी दिलेल्या भाकऱ्या त्यांनी सिल्लोडच्या पुढे मला खायला लावल्या. गाडीत लोखंडी सामान गच्च भरलेलं होतं. वाटेत जिथं जिथं उतार आला तिथं त्यांचा डावा हात गिअरवर जायचा, गाडी न्यूट्रलला पडायची आणि इंजिनाचा आवाज खाली बसायचा. छोटे उतार होते.

अजिंठा गाव मागे पडलं. घाटाच्या तोंडाशी उन्हाने डांबर चमकत होतं. समोरून सहलीची एक बस वर येत होती. मामांनी हात गिअरवर नेला.

"मामा, इथं नको."

"बस निवांत. सवय हाय आता."

इंजिनाचा घोगरा आवाज एकदम विझल्यासारखा झाला आणि त्याच्या जागी वारा ऐकू येऊ लागला. एवढ्या जड गाडीत एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. इंजिन गाडीला धरून ठेवत नव्हतं, सगळं वजन ब्रेकवर होतं. पहिल्या वळणावर मामांनी ब्रेक दाबला, सोडला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. प्रत्येक दाबण्याला ब्रेकमधली हवा दाखवणाऱ्या समोरच्या काट्याची सुई थोडी खाली येत होती. मग तो वास आला. तापलेल्या लायनरचा, जळक्या केसांसारखा. मामांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा मात्र परीक्षेला बसलेल्या मुलासारखा गंभीर.

"गिअरमध्ये घ्या ना."

"आता पडत नाय गिअर. वेग उतरू दे." ते रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाले. "बोलू नको जरा."

पुढच्या वळणाला गाडी कठड्याच्या इतकी जवळून गेली, की खालची झाडं मला वरून दिसली. सुई तांबड्या पट्ट्याला टेकली. कॅबिनमध्ये बारीक शिट्टीसारखा इशारा वाजू लागला. मग उतार सैल झाला, फर्दापूरची घरं दिसली आणि जमवलेल्या वेगावर गाडी सपाटीवर बराच वेळ तशीच, डिझेल जवळजवळ न पिता, धावत राहिली. तेच ते ॲव्हरेज होतं.

झाडाखाली गाडी थांबली. चाकांतून धूर निघत होता. मामांनी तोंडावर पाणी मारलं आणि माझ्याकडे बघून हसले.

"झाली ना बाटली पास?"

"तुम्ही हे कशासाठी केलंत?"

"आरं, तूच म्हनला न्हवं सगळ्यांम्होरं, भिस्त माझ्यावर हाय. शेठनी पहिल्यांदा तुला शिकल्या-सवरल्याचं काम दिलं. पहिल्या फेरीत बघितलं, बाटलीनं काय व्हईना. तुला फेल होऊ देऊ व्हय?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. पिवळ्या बाटलीत नुसतं डिझेल होतं, आणि ती पास व्हायची नव्हतीच.

मामांनी चाकांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी तू मला तपासत व्हतास."

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. येताना ते संपूर्ण रस्ता गिअरमध्ये आले.

परत आल्यावर मी शेठना सगळं सांगितलं. दोन्ही औषधं निरुपयोगी, पिवळ्या बाटलीत काही नाही, आणि तो आकडा घाटात गाडी मोकळी सोडून आलेला आहे. शेठ शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, ते उठून बोर्ड पुसायला सांगतील.

"म्हणजे औषधाशिवाय एवढं निघतं," ते म्हणाले. "मग बाकीच्यांना काय झालं?"

"शेठ, ब्रेक जातील."

"लायनर बदलता येतात. म्हातारा झालाय तो, त्याला घाटातून काढ. इथं जवळच्या चितेगावच्या कंपनीच्या फेऱ्या दे."

मामांनी दोन दिवस चितेगावला माल नेला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर किल्ली ठेवली आणि गावाकडच्या एस.टी.त बसले. टेबलापुढे उभे असताना त्यांनी मला "सायेब" म्हटलं. नुसतं सायेब. तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत.

बोर्डावरचा आकडा मी दोनदा पुसला. दोन्ही वेळा दुपारपर्यंत तो परत लिहिलेला होता. गंगापूरकडे निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ शुक्रवारी मालाच्या बिल्टीच्या पाकिटात घालून मी मामांना पुढचं पत्र पाठवलं.

मामा, वाकून नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितोय. लिहिलेलं तुम्हाला आवडतं, हेही माहीत आहे.

मी तुम्हाला तपासत नव्हतो. दुसऱ्या कुणाच्या गाडीत काहीही गेलं तरी मला चाललं असतं, तुमच्या गाडीत नाही, म्हणून साध्या डिझेलची बाटली तुम्हाला दिली. चूक माझी ही, की तुम्हाला सांगितलं नाही. त्याहून मोठी चूक, की सगळ्यांसमोर भिस्त टाकली. माझ्यासाठी तुम्ही काय काय करता हे तीन वर्षं भाकरी खाऊन मला कळायला हवं होतं.

शेठना खरं सांगितलं, त्याची माफी मागत नाही. तुम्ही त्या घाटात पुन्हा तसे उतरला असता तर मी आईला तोंड दाखवू शकलो नसतो.

पण मामा, बोर्डावर तुमचा आकडा अजून आहे. तो सगळ्यांच्या तोंडी बसलाय. लाल बाटलीवाल्याने परवा तुमच्याएवढं ॲव्हरेज काढलं. मी विचारलं कसं, तर हसून म्हणाला, "मामांची दवा." काल मिस्त्रींकडे त्याच्या गाडीचे ड्रम बघितले. तेही निळे पडलेत. त्याला समजावलं तर म्हणतो, मामा एवढ्या वर्षांचे ड्रायव्हर, त्यांना जमलं ते मला का नाही. मी स्टिअरिंग धरलेलं नाही, म्हणून माझं तो ऐकत नाही. बाकीचेही नाहीत.

त्या दिवशी सुई तांबड्यावर टेकली तेव्हा तुम्हाला काय वाटलं, ते तुम्ही मला सांगितलं नाही. मला सांगू नका. त्याला सांगा.

सोमवारी सकाळी सातला त्याची गाडी लोखंड भरून जळगावला निघणार आहे. रविवारी संध्याकाळची एस.टी. मिळाली तर माझ्या खोलीवर उतरा, मी स्टँडवर थांबतो. नाहीतर सोमवारी पहाटेच्या जीपने थेट यार्डाच्या फाटकाशी या. मी साडेपाचपासून तिथं असेन.

तुमचा भाचा