पाठ केलेलं मानपत्र

वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षापर्यंत मी कायम चष्मा घरी विसरून आलेलो असायचो, आणि मला चष्मा नव्हता.

बेळगावात एका कारखान्यात मी लेथ चालवतो. ड्रॉइंग एकदा बघितलं की जॉब, म्हणजे तो लोखंडी भाग, बिनचूक उतरवतो. पण अक्षरं ओळीनं आली की मुंग्यांसारखी हिंडायला लागतात. (मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळीकडच्या मुंग्या सारख्याच.) बाहेर "चष्मा विसरलोय, जरा वाचता का?" म्हटलं की भागायचं. घरी बायकोला, निर्मलाला, "डोकं दुखतंय, तूच वाच" म्हणायचो.

मग आमच्या प्राचीला सहावीत असताना डिस्लेक्सिया असल्याचं कळलं. हुशार पोरगी, पण वाचायला बसवली की रडायची. शाळेतल्या समुपदेशक मॅडमनी घरच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. कागदाचा फोटो काढायचा, की आतली बाई तो मोठ्यानं वाचून दाखवते आणि चालू शब्द पिवळा होतो.

"घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?" मॅडमनी विचारलं.

"हिच्या वडलांना असंल," मी निर्मलाकडं बोट दाखवून लगेच म्हणालो.

निर्मलानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तिचे वडील, आमचे आप्पा, निपाणीला हेडमास्तर होते.

माझी दुपारपाळी असली की सकाळी घरात मी आणि तो मोबाईल. पहिल्यांदा भीत भीत बिस्किटाचा पुडा धरला. मग लाईटबिल, मग कॅलेंडरची मागची बाजू. तिथं गोष्टी छापलेल्या असतात, हे मला माहीतच नव्हतं! तीन वर्षं डोक्याला चोळत होतो ते मलम टाचांच्या भेगांचं निघालं. (डोकं दुखायचं थांबत होतं, हे खरं.)

अशात मेहुण्याचा, सागरचा, फोन आला.

"दाजी, आप्पांना पंचाहत्तर लागत्यात. कार्यक्रम ठेवलाय. मानपत्र तुम्ही वाचायचं, थोरले जावई म्हणून."

निर्मला शेजारीच बसलेली. नाही कसं म्हणणार? सागरनं टाईप केलेल्या मसुद्याचा फोटो मोबाईलवर पाठवला. मी तो त्या बाईकडून चाळीसेक वेळा वाचून घेतला आणि पाठ केला. शाळाही मी अशीच ऐकून, पाठ करून आठवीपर्यंत ओढली होती. मधली काही वाक्यं विचित्र वाटली, पण मी जन्मात मानपत्र वाचलं नव्हतं. असेल तशी पद्धत.

निपाणीच्या हॉलमध्ये हेडमास्तरांचे जुने विद्यार्थी गच्च बसलेले. सागरनं फ्रेम केलेलं मानपत्र माझ्या हातात दिलं. मी त्याच्यावर नजर लावून सुरुवात केली.

"शिस्तीचे भोक्ते, विद्यार्थ्यांचे कैवारी, ज्ञानाचे अखंड झरे." टाळ्या पडल्या. "येथे आप्पांचा तापट स्वभाव लिहू नये, चिडतील."

हॉल शांत झाला. मला वाटलं, लोक भारावले. मी आवाज आणखी गंभीर केला.

"झरे दोनदा आलेत, एक काढणे."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सागर कानाशी आला. "दाजी, मसुद्यातल्या त्या सूचना मी माझ्यासाठी लिहिलत्या. फ्रेममधलं बघून वाचा की."

पण पाठ केलेलं मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मी पहिल्यापासून सुरू केलं. त्यामुळं तापट स्वभाव दुसऱ्यांदा आला.

आता अख्खा हॉल हसत होता. आप्पा खुर्चीतून उठले आणि त्यांनी फ्रेमवर बोट ठेवलं. "पाव्हणं, ही ओळ वाचा."

ओळीतल्या मुंग्या चारी दिशांना पांगल्या. पहिल्या रांगेत प्राची बसली होती. ती हसत नव्हती. तिला कळलं होतं. रोज तिला "नीट लक्ष दिलं की येतंय गं" म्हणून दटावणारा मीच.

"मला वाचता येत न्हाय, आप्पा," मी म्हणालो. माईक चालूच होता. "प्राचीला जे हाय, तेच मला हाय. लपवलं मी."

प्राची वर आली. तिनं फ्रेमचा फोटो काढला आणि मोबाईल माईकला लावला. बाईनं मानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कुणी हसलं नाही.

जेवणाच्या पंगतीत आप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "असल्या किती पोरांना मी ढ म्हणून बाकावर उभं केलं असंल." आणि प्राचीकडं वळले. "दाखव गं, कसं चालतंय ते." पुढचा तासभर दोघं कार्यक्रमाच्या पत्रिकेपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं वाचून घेत बसले.

बसमध्ये निर्मला म्हणाली, "मला सांगायला काय झालतं? सोडून जाणार होते व्हय मी?" आणि खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले.

आता रविवारी प्राची माझी शिकवणी घेते. ओळीखाली पट्टी, कानावर बाईचा आवाज, बोट पिवळ्या शब्दावर. परवा अर्धं पान झालं आणि मी हळूच क्रिकेटचा स्कोअर बघितला. तिनं वहीत ठळक अक्षरांत शेरा लिहिला. तो वाचायला मला मोबाईलच धरावा लागला, आणि बाईनं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "अभ्यासात लक्ष नाही. उद्या पालकांना घेऊन येणे."