उघडा पत्रा

कामाला लागण्याआधी यज्ञेश्वर रोज सकाळी समोरच्या पत्र्यावर पालथा हात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "चला महाराज, उतरवू या कपडे." तुळशीला पाणी घालणाऱ्या सुनंदाबाई आठी घालायच्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी या पत्र्यांना सवतच मानलं होतं.

टावर चौकामागच्या गल्लीत त्यांचं घर, अंगणात शेड. जुन्या मोटारींचे दरवाजे, बॉनेट, मडगार्ड तिथे यायचे. यज्ञेश्वर त्यांच्यावरचा रंग रिमूव्हर लावून फुगवायचे, पट्टीने खरवडायचे, मग खालचा गंज वॉटर पेपरने, पाण्यात भिजवायच्या खरखरीत कागदाने, घासून काढायचे. घासायच्या मशीनला हात लावायचे नाहीत. मशीनने पत्रा तापतो आणि सुरकुततो. "म्हातारा जीव आहे, त्याला हिसका देऊ नये," म्हणायचे. धूळ मात्र घरभर. वाळत घातलेल्या पापडांवर, देवांच्या वस्त्रांवरसुद्धा.

त्या धुळीनेच शेवटी छाती धरली. भाद्रपदात इस्पितळातून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, शेडकडे फिरकायचं नाही. आणि शेडमध्ये उषाताईंच्या फियाटचा दरवाजा तसाच पडला होता. नवरा, भय्यासाहेब, गेल्यापासून उभी असलेली ती गाडी उषाताईंना पुन्हा रस्त्यावर आणायची होती. यज्ञेश्वरांनी शब्द दिला होता. दरवाज्याच्या अंगावर आता रंग नव्हता आणि हवा ओली होती. रोज थोडा गंज चढायचा. ते खाटेवरून बघत राहायचे. ताट तसंच परत जायचं.

"दुसऱ्या कुणाला देऊन टाका ना," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मशीन फिरवतील."

"फिरवू देत."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंनी पदर खोचला, नाकाला पंचा बांधला आणि शेडमध्ये शिरल्या. "हां, सांगा आता. लांबूनच सांगायचं. उठलात तर टाकून जाईन."

यज्ञेश्वर ओट्यावरच्या खुर्चीत सरसावून बसले. "कागद ओला ठेव, धूळ उडत नाही. अगं, गोल गोल नको, सरळ! कढई नाहीये ती."

"कढयाच घासल्या जन्मभर. दुसरं काय येणार?"

दुपारपर्यंत पत्रा चांदीसारखा निघाला. सुनंदाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं, घासलेल्या भांड्यांसारखा भिंतीला टेकवून निथळत ठेवला आणि कुकर लावायला गेल्या. परत येऊन बघतात तो दरवाजा केशरी!

"अहो, हे काय झालं?"

यज्ञेश्वर खोकला येईपर्यंत हसले. त्या धावत जाऊन पाणी घेऊन आल्या. घोट घेऊन ते म्हणाले, "पत्रा निथळायला ठेवतात होय? गंज धरतो. लगेच कोरडा पुसायचा, वर थिनरचा हात फिरवायचा."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू शेडमध्ये आलीस कधी? आज पहिल्यांदा."

सुनंदाबाईंनी कागद भिजवला आणि पुन्हा घासायला बसल्या. या वेळी लगेच पुसलं, थिनर फिरवलं, आणि उन्हं उतरायच्या आत लाल प्राइमरचा हात दिला. पत्रा झाकला गेला तसे यज्ञेश्वर खुर्चीत मागे टेकले.

उषाताई दरवाजा न्यायला आल्या, त्यावरून बोटं फिरवून म्हणाल्या, "क्या बात है, यज्ञेश्वरभाऊ!"

"मी नाही हो. नवी मिस्त्रीण ठेवलीय. काम बरं करते, बोलते फार."

त्यानंतर यज्ञेश्वर पोटभर जेवायला लागले. नवरात्र बसायच्या आधी, एका सकाळी, त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. सुनंदाबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. थोड्या वेळापूर्वीच यज्ञेश्वरांनी ओट्यावरून हाक मारली होती, "अगं ऐक, पोह्यांवर सेव जरा सढळ हाताने घाल आज."